माझी डावी खुर्ची

मी एक बोट बोलतेय. माल वाहणारी नव्हे, आणि माणसांना पैलतीरी पोचवणारीही नव्हे. बास नावाचा मासा गळाने धरायला जे लोक पहाटे तळ्यावर जमतात, त्यांची मी बोट. वीस फूट लांब, बुटकी, लाल चकचकीत अंगाची, आणि पाठीला माझ्या मानाने फारच मोठं इंजिन लावलेली.

सध्या मी पाण्यात नाही. व्हर्लिन स्टबलफील्डच्या अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली, ट्रेलरवर उभी आहे. अंगावर ताडपत्री आहे. माझ्या तळाच्या सांदीकोपऱ्यात अजून थोडी वाळू आहे. ती कोणी झाडून काढली नाही. मी इथे का उभी आहे हे सांगायचं, तर त्या वाळूपासूनच सांगावं लागेल.

माझा जन्म आर्कन्सॉतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. साच्याला मेण चोळलं, मग लाल रंगाचा थर दिला, मग काचतंतूंच्या चटया आणि उग्र वासाचं रसायन. दोन दिवसांनी चौघांनी मिळून मला साच्यातून उपटून काढलं. नवा साचा, आणि त्यातली मी पहिली. कारखान्याचा मालक रॉइस टॅकेट माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ही पळणार." बाकी काही बोलला नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

आमच्या भागात बोट पळते की नाही हे मालक ठरवत नसे. ते व्हर्लिन ठरवत असे. वय अठ्ठावन्न, खांदे रुंद, बोलणं कमी. प्रत्येक नव्या नमुन्याला तो सिकमोर तळ्यावर नेई आणि परत येऊन एक पिवळा कागद भरी. कागदावर दहा चौकोन. वेग, पाण्यावर उचलून येणं, वळण, अंगावर तुषार किती येतात, मासे ठेवायची टाकी, गळ टाकताना उभं राहायला जागा, असं एकेक. शेवटचा चौकोन शेजारी बसणाऱ्याच्या आरामाचा. प्रत्येकाला दहापैकी गुण.

लोक दुकानात येऊन आधी विचारत, "व्हर्लिनने किती दिले?" कारण त्याने एकदा एका बोटीला पाच दिले होते आणि रॉइसने तो साचा मोडून टाकला होता. तेव्हापासून त्याच्या आकड्यावर लोकांचा चर्चमधल्या शब्दासारखा भरवसा.

चाचणीच्या दिवशी तळं आरशासारखं होतं. व्हर्लिन उजवीकडे, चक्रामागे बसला. माझी डावी खुर्ची रिकामी होती. तिथे माणूस बसल्यासारखं वजन असावं म्हणून तो वाळूच्या चार पिशव्या आणत असे, एकेक चाळीस पौंडांची. चौघींना मिळून त्याने नाव ठेवलं होतं, क्लाइड.

"चल क्लाइड, पाय सावर," तो म्हणाला.

क्लाइडला तो खुर्चीवर ठेवत नसे. खुर्चीसमोर, खाली तळावर ठेवी. खुर्ची नवी, शिवणखात्यातल्या बायकांनी दोन दिवस खपून शिवलेली, पांढरीशुभ्र. तीच बोट पुढे विकायची असे. ओल्या, मातकट पिशव्यांनी ती मळवायची कशाला? अकरा वर्षं तो असंच करत आला होता. नीटनेटक्या माणसाची ती सवय होती. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

मी पळाले. ताशी एकोणसत्तर मैल. वेगात माझं तोंड वर येतं आणि पाठीमागचा हातभर तळ तेवढा पाण्याला टेकलेला राहतो. त्या हातभरावर सगळा तोल. त्या दिवशी तो मला सहज सांभाळता आला, कारण क्लाइड खाली होता. वजन माझ्या पोटाशी होतं. आणि मागची माशांची टाकी कोरडी होती.

परत आल्यावर व्हर्लिनने शेवटच्या चौकोनातही नऊ लिहिले. रॉइसने विचारलं, "दहा का नाहीत?"

"क्लाइडने तक्रार केली नाही," व्हर्लिन म्हणाला, "पण स्तुतीही केली नाही."

दोघं हसले. त्या नऊवर उन्हाळाभरात माझ्या एकतीस बहिणी विकल्या गेल्या.

बोट विकली गेली की घेणाऱ्याच्या घरी हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र जाई. ही रॉइसच्या आईने घालून दिलेली पद्धत. ती पत्रं व्हर्लिनची बायको ओडेसा लिही. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. निवृत्त झाल्यापासून दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून ती ठळक, गोल अक्षरात लिही, 'दोघं मिळून मजा करा.' घेणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर ती एका निळ्या वहीत उतरवून ठेवी. वहीला पीठ लागलेलं असे.

हंगाम सरता सरता व्हर्लिनने मला स्वतःसाठी घेतलं. इतक्या वर्षांत ओडेसा कधी त्याच्याबरोबर पाण्यावर आली नव्हती. आता दोघांनी मिळून मासे धरायचे असं ठरलं होतं. पहिल्यांदा ती माझ्या डाव्या खुर्चीवर बसली तेव्हा तिने दोन्ही हातांनी खुर्ची दाबून पाहिली.

"मऊ आहे," ती म्हणाली. "किती दिलेस हिला?"

"नऊ."

"मला लग्नात कोणी इतके दिले नसते."

"मी दिले असते. कोणी कागदच दिला नाही."

ऑक्टोबरात जोडप्यांची स्पर्धा होती. गावच्या अग्निशमन दलाला नवे पाइप हवे होते, म्हणून चर्चने ठेवलेली. पहाटे सगळ्या बोटी धक्क्याशी गोळा झाल्या, टोप्या उतरल्या, प्रार्थना झाली, मग नंबराप्रमाणे एकेक बोट सुटली. आमचा नंबर चौदा.

दिवस चांगला गेला. डब्यातले तांबड्या मिरचीचं चीज लावलेले पाव दहालाच संपले. सगळ्यात मोठा मासा ओडेसाने धरला, सहा पौंडांच्या वरचा. तो टाकीत सोडताना तिचं तोंड बंद होत नव्हतं. "व्हर्लिन, हा माझ्याकडे बघतोय," ती तीनदा म्हणाली.

मासे जिवंत राहावेत म्हणून टाकी काठोकाठ भरलेली होती. जिंकणं एकूण वजनावर, आणि मेलेल्या माशामागे वजन कापतात. तीन वाजेपर्यंत वजनकाट्याशी पोचायचं होतं. उशीर झाला तर मिनिटाला एक पौंड जातो. वाटेत बुडालेल्या रानाचा पट्टा लागतो. धरणाच्या पाण्यात उभेच्या उभे मेलेले ओक, आणि मधून बोटींसाठी साफ केलेली अरुंद वाट. व्हर्लिनने घड्याळ पाहिलं आणि पेडल दाबलं.

ताशी अठ्ठावन्न मैलांना मी डोलायला लागले. आधी डावीकडे जरासं. मग उजवीकडे जरा जास्त. मग पुन्हा डावीकडे, त्याहून जास्त. मागे टाकीचं ओझं होतं, आणि डावीकडचं वजन आता पोटाशी नव्हतं, वर होतं, एका जिवंत बाईच्या छातीइतकं उंच. व्हर्लिन चक्र सावरत होता, पण प्रत्येक सावरणं क्षणभर उशिरा येत होतं. मला थांबायचं होतं. बोटीला थांबता येत नाही. तिला थांबवावं लागतं.

त्याने पाय काढला तेव्हा मी एका कुशीवर आपटले. ओडेसा खुर्चीवरून वीतभर उचलली गेली आणि परत खुर्चीवरच बसली. तेवढंच झालं. झाडांना आम्ही लागलो नाही. कोणी पाण्यात पडलं नाही. पण तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माझ्या तळापर्यंत ऐकला.

धक्क्याशी आल्यावर लोक धावले, फळी आणली. तिला आडवी उचलून नेताना ती म्हणाली, "व्हर्लिन, मासे सोड आधी. गुदमरतील ते." त्याने टाकी उघडली आणि एकेक मासा पाण्यात सोडला. तिचा मोठा मासा शेवटी गेला. त्याचं वजन कधीच झालं नाही.

पाठीचा एक मणका दबला होता. तीन महिने पट्टा. मला अंगणात आणून उभं केलं. स्वयंपाकघराची खिडकी माझ्यासमोरच आहे, त्यामुळे घरातलं मला बरंच ऐकू येतं. भट्टीतून मक्याच्या पावाचं भांडं काढायला ती वाकू शकत नव्हती. ते व्हर्लिन काढी आणि रोज हात भाजून घेई. दोघं फारसं बोलत नसत. एके दिवशी तो म्हणाला, "तू पाय टेकवून घट्ट धरायला हवं होतंस."

तिने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तू सांगितलं नव्हतंस, की नऊ गुणांच्या बोटीत धरून बसायचं असतं."

नोव्हेंबरात रॉइस आला. फाटकाजवळच टोपी काढली. "ओडेसाबाई, कशा आहात?" असं विचारून तिने केलेला कॉफीचा कप घेतला. मग व्हर्लिनला घेऊन माझ्यापाशी आला.

"वसंतातल्या प्रदर्शनात हिचाच नमुना मांडायचाय," तो म्हणाला. "गावात कुजबुज आहे. एकदा परत फिरवून आण, परत नऊ लिही, म्हणजे तोंडं बंद होतील. लाट आली असेल त्या दिवशी कुणाची तरी."

"असेल," व्हर्लिन म्हणाला. त्यालाही ते खरं असायला हवं होतं. मला कळत होतं. अकरा वर्षांची त्याची पत त्या आकड्यात होती.

दुसऱ्या दिवशी तो मला तळ्यावर घेऊन गेला. ओडेसाही ट्रकमध्ये बसून आली. घरात पडून पडून तिला वीट आला होता. पट्टा बांधून ती धक्क्यावर उभी राहिली. व्हर्लिनने ट्रकमधून पिशव्या काढल्या आणि एकेक करून माझ्या डाव्या खुर्चीसमोर, खाली, ओळीने रचल्या.

"हा क्लाइड?" तिने विचारलं. इतकी वर्षं ती त्याचं नाव ऐकत आली होती.

"हाच."

"तो तिथे बसतो?"

"हो."

"तिथे माझे पाय होते, व्हर्लिन."

तो वाकलेलाच राहिला.

"मी वर बसले होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माणूस वर बसतो."

व्हर्लिनने पिशव्यांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग खुर्चीकडेच पाहत राहिला. एवढं साधं कोणी सांगितलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याने चारही पिशव्या उचलून त्या पांढऱ्या खुर्चीवर ठेवल्या. दोरीने पाठीला आवळल्या. मागची टाकी भरली. "तू लांब उभी राहा," एवढंच म्हणाला.

या वेळी त्याने उघड्या पाण्याची जागा निवडली. पंचावन्नला काही नाही. अठ्ठावन्नला मी डोलायला लागले, अगदी त्या दिवसासारखी. या वेळी त्याने लगेच पाय काढला नाही. त्याला पुरतं पाहायचं होतं. चौथ्या हेलकाव्याला दोरी तुटली, वरची पिशवी हवेत उडाली आणि माझ्या कडेवर आपटून फुटली. सगळी वाळू माझ्या तळभर सांडली. मग त्याने इंजिन बंद केलं आणि पाण्याच्या मधोमध बराच वेळ तसाच बसून राहिला. वाळूकडे बघत.

धक्क्याला लागल्यावर ओडेसाने विचारलं, "किती?"

"मी बसतो तिथे आठ."

"आणि मी?"

"तीन," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "तीनही जास्तच झाले."

ती त्याचा हात धरून ट्रककडे गेली, आणि इतक्या दिवसांत तिने त्याचा हात धरल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

तीन लिहिलेला कागद तो रॉइसकडे घेऊन गेला. मी ट्रकमागेच होते, कारखान्याच्या दारात. दोघं माझ्यापाशी येऊनच बोलले.

"एकतीस लोक आहेत," रॉइस म्हणाला. "एकाची तरी तक्रार आली का?"

"डावीकडे बसणारा बोट विकत घेत नाही, रॉइस. तक्रार कोण करणार?"

"चाळीस घरं चालतात इथे. तुझंही त्यातलंच."

"ठाऊक आहे."

"प्रदर्शन होऊ दे. पुढचा साचा बदलू. माझा शब्द."

"आणि हे एकतीस?"

रॉइसने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. तो वाईट माणूस नाही. ओडेसा आजारी असताना त्याच्या बायकोने आठवडाभर जेवण पाठवलं होतं. तो म्हणाला, "तू थकलायस. थोडे दिवस सुट्टी घे." ती सुट्टी अजून संपलेली नाही.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर ओडेसाने निळी वही टेबलावर ठेवली. "प्रत्येकाला मी लिहिलंय, दोघं मिळून मजा करा," ती म्हणाली. "आता हेही मलाच कळवायला हवं. पण बोट तुझी. तू बोल."

व्हर्लिन एकेकाला फोन लावून बोलायला लागला. पन्नासच्या वर नेऊ नका, टाकी भरलेली असेल तर चाळीस. लोक हसत. एक म्हणाला, "म्हातारा झालास, व्हर्लिन. माझी अडुसष्ट पळते, मी झोपेत चालवतो." एकाने विचारलं, रॉइसशी भांडलायस का? एकाने मध्येच फोन ठेवला. नऊ लोकांशी बोलणं झालं आणि व्हर्लिनचा चेहरा राखेसारखा झाला.

"तू चालवणाऱ्याशी बोलतोयस," ओडेसा म्हणाली. "दे इकडे."

तिने फोन घेतला आणि पलीकडच्या माणसाला विचारलं, "तुमच्या बोटीत डावीकडे कोण बसतं? त्यांना फोन द्या."

तेव्हापासून फोन लांबायला लागले. एक बाई म्हणाली, तिची मान उन्हाळ्यापासून धरलीय, तिला वाटलं उशी बदलायला हवी. एक म्हातारा गृहस्थ जावयाच्या बोटीत बसायचा. तो म्हणाला, मी आता काठावरूनच मासे धरतो, पण जावयाला सांगितलं नव्हतं, त्याला वाईट वाटेल. ओडेसा प्रत्येकाचं ऐकून घेई आणि वहीत नावापुढे खूण करी. ज्यांना हसू आलं होतं, त्यांच्याही घरी तिने परत फोन केला.

फेब्रुवारीअखेर तीस नावांपुढे खुणा झाल्या. फक्त सतराव्या बोटीचा फोन कोणी उचलत नव्हतं. घंटा वाजायची आणि वाजून थांबायची. तिने पत्र लिहिलं. उत्तर नाही.

तिची पाठ आता बरीच सुधारलीय. डॉक्टरांनी पट्टा काढला. पण तिच्यात एक भीती राहिलीय. ट्रक खड्ड्यातून गेला तरी ती दांडा धरते. मागच्या महिन्यात एका दुपारी तिने माझी ताडपत्री अर्धी बाजूला केली, ट्रेलरच्या चाकावर पाय दिला आणि हळूहळू वर चढून माझ्या डाव्या खुर्चीवर बसली. पंधरा मिनिटं. मी हलले नाही. हलणार तरी कशी? दुसऱ्या रविवारी परत आली. म्हणाली, "इथे बसायची सवय मोडायची नाही मला. पाण्यात जाणार नाही, पण घाबरून तर बसायचं नाही." तेव्हापासून ती सतराव्या बोटीला फोन इथूनच लावते.

एकदा रॉइस आला होता. प्रदर्शन होऊन गेलं होतं. व्हर्लिन घरी नव्हता, ओडेसा आत होती. तो माझ्यापाशी एकटाच उभा राहिला, डाव्या खुर्चीवर हात ठेवला, दाबून पाहिलं. बसला नाही. फाटक लावून गेला. त्याच्याकडे आता नवा माणूस चाचणी घेतो. साचा तोच आहे. माझ्या किती बहिणी झाल्या मला ठाऊक नाही, कारण आभाराची पत्रं आता दुसरं कोणी लिहितं आणि ती नावं ओडेसाच्या वहीत नाहीत.

या रविवारी अक्रोडाला पालवी दिसली. तळ्याचं पाणी तापायला लागलं असेल. मासे काठाशी येतील आणि सगळ्या बोटी उतरतील. ओडेसा चर्चच्या कपड्यांतच वर चढून बसली आणि फोन लावला. घंटा वाजली. पाच, सहा, सात. आणि कोणीतरी उचलला.

बाईचा आवाज होता. दमलेला. "आम्ही हिवाळाभर मुलीकडे होतो," ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

ओडेसाने नाव सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या लाल बोटीत डावीकडे कोण बसतं?"

"मी."

मग पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. 

"मी कोणाला बोलले नाहीये," त्या बाईने हळूच विचारलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी आत्ता तिथेच बसलेय," ओडेसा म्हणाली.

दोघी तासभर बोलत होत्या. माझ्या खुर्चीच्या कडेवर तिने वही टेकवली होती. शेवटची खूण तिने इतकी दाबून केली की पेन्सिलीचं टोक मला लागलं.

मला आता पाण्यात जायचं नाही. व्हर्लिन मला विकणार नाही आणि मोडणारही नाही. मी अशीच उभी राहीन. पण ज्यांची नावं त्या वहीत नाहीत, त्यांच्यासाठी मी हे बोलले. माझ्यासारखी लाल, देखणी, नऊ गुणांची बोट तुम्हाला कोणी दाखवली, तर चक्रामागे बसून पाहा, खुशाल पळवून पाहा. मग चक्र दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, आणि एक फेरी डावीकडे बसा.